पावसात विंचची आरसीसीबी उडते म्हणून ती काढू नका

नाखवा, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो. मढच्या धक्क्यावर होड्या वर ओढायला तुम्हा चारपाच जणांची मिळून एक विंच आहे, पाच एचपीची थ्री फेज मोटर, मीटरची पेटी रस्त्याच्या बाजूला आणि तिथून विंचपर्यंत साधारण १२० मीटर केबल. उन्हाळ्यात सगळं नीट चालतं पण पहिला पाऊस पडला की ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारं यंत्र, उडायला लागते, कधी कधी तर होडी उतारावर अर्धी आलेली असताना. वायरमन म्हणतो ३०० ची टाका नाहीतर काढूनच टाका, आणि अर्थिंगसाठी तांब्याचा एक रॉड सरळ खाडीत सोडा. भाचा म्हणतो अमेरिकेच्या कोडमध्ये बोटींच्या धक्क्यासाठी वेगळं प्रकरणच आहे, त्याप्रमाणे करू. तर यातलं नक्की काय करायचं?

आरसीसीबी काढायची नाही. ३०० ची पण टाकायची नाही. ३०० मिलीअँपिअरचं यंत्र आग लागू नये म्हणून असतं, माणसासाठी नसतं. दहाएक मिलीअँपिअर अंगातून गेले की हाताची मूठ वळते आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही, ३० च्या वर गेलं आणि थोडा वेळ टिकलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ती ३० ची रेघ आहे. धक्क्यावर माणूस अनवाणी असतो, ओला असतो, खाली ओलं काँक्रीट किंवा लोखंड, हातात वायर रोप, म्हणजे घरात कोरड्या लादीवर उभं असताना जो झटका झिणझिण्यांवर निभावतो तोच इथे जीव घेतो.

आता ती उडते का ते बघू, कारण खरं काम तिथेच आहे. ३० ची आरसीसीबी १५ मिलीअँपिअरपर्यंत उडता कामा नये आणि ३० ला उडायलाच हवी, म्हणजे प्रत्यक्षात ती या दोन्हीच्या मधे कुठेतरी उडते. २३० व्होल्टला १५ ने भागा, साधारण १५ हजार ओहम येतात. म्हणजे तुमच्याकडे जेव्हा ती उडते तेव्हा कुठल्या तरी एका फेजचं जमिनीपासूनचं इन्सुलेशन १५ हजार ओहमच्या खाली आलेलं असतं. वायरिंगच्या आपल्या कोडमध्ये, म्हणजे आयएस ७३२ मध्ये, कमीत कमी १ मेगाओहम अपेक्षित आहे, दहा लाख ओहम, आणि तेवढं असेल तर पाव मिलीअँपिअरसुद्धा गळत नाही. कुठे दहा लाख आणि कुठे पंधरा हजार! तेव्हा आरसीसीबी नाजूक आहे, पावसाला घाबरते वगैरे जे म्हणतात ते खरं नाही, तुमच्या लाइनमध्ये पाणी शिरलेलं आहे आणि ती ते बरोबर सांगते आहे.

कुठे शिरलंय ते शोधायला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लागतो आणि अर्धा दिवस लागतो, बस. मेन बंद करून कुलूप घाला, आरसीसीबीच्या पुढची केबल सोडवा, स्टार्टरपाशी दोन्ही बाजू मोकळ्या करा, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येही केबल सोडवा आणि मग तीन तुकडे वेगवेगळे मोजा, मीटर ते स्टार्टर, स्टार्टर ते मोटर, आणि एकटी मोटर. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावलेला असेल तर तो आधी बाजूला काढा, मेगर त्याच्यातून गेला तर जळेल. आणि मोजायचं ते पाऊस पडून गेल्यावर मोजायचं. एप्रिलच्या उन्हात सगळं वाळलेलं असताना मेगर छान आकडे दाखवतो आणि वायरमन सही करून मोकळा होतो, त्याचा उपयोग काही नाही.

माझ्या अनुभवात खाडीकाठी बहुतेक वेळा दोष मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये किंवा केबलच्या मधल्या जॉइंटमध्ये निघतो. मोटर चालली की गरम होते, बंद केली की गार होताना आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट खारी हवा ग्लँडमधून (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला जोड), गॅस्केटच्या फटीतून आत ओढली जाते. असं रोज होतं. झाकण उघडून बघा, टर्मिनलच्या पट्टीवर पांढरी खरखरीत पुटं दिसतील, ते मीठ. उन्हाळ्यात ते कोरडं असतं आणि त्यातून काहीच वाहत नाही, जून लागला की तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि फेजपासून बॉडीपर्यंत वाट तयार होते. म्हणून पाऊस थेट मोटरवर पडत नसला, वर पत्रा असला तरी आरसीसीबी उडते. ते बॉक्स गोड्या पाण्याने पुसून, वाळवून, नवीन गॅस्केट आणि डबल कम्प्रेशन ग्लँड लावून बंद करा, आणि ग्लँडचं तोंड खाली यायला हवं, वर नाही. मोटरला खालच्या बाजूला ड्रेनची भोकं असतात ती रंगाने बुजवलेली नाहीत ना तेही बघा, रंगारी हमखास बुजवतो.

जॉइंटची गोष्ट वेगळी. १२० मीटरच्या मधे कुठेतरी केबल जोडलेली असणार, वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवून तांब्याच्या तारा बघा, हिरव्या-काळ्या झालेल्या असतील आणि तो हिरवा गंज इन्सुलेशनच्या आत बराच लांबपर्यंत गेलेला असेल, चाकूने सोलत गेलात तरी चकचकीत तांबं लवकर लागत नाही. असली केबल दुरुस्त होत नाही हो, तेवढा भाग कापून टाकायचा किंवा सरळ नवीन अखंड केबल टाकायची. धक्क्यावर मधे जॉइंट नसावा हे मी अगदी हट्टाने सांगेन, जॉइंट घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकांच्या पेट्यांमध्ये घ्या.

आणखी एक जागा लोक बघतच नाहीत. स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, त्यामुळे मोटरपर्यंत न्यूट्रल नेलेलाच नसतो, आणि मग कोणीतरी पेटीवर इंडिकेटर किंवा धक्क्यावर एखादा दिवा लावताना फेज घेतो आणि न्यूट्रलच्या जागी अर्थची तार वापरतो. दिवा पेटतो, सगळे खुश, पण तो दिव्याचा सगळा करंट अर्थमधून जातो आणि आरसीसीबीला ती गळतीच दिसते. तसंच दिव्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घेतला असेल तरी ती उडणार. धक्क्याचे दिवे वेगळ्या सर्किटवर, वेगळ्या आरसीबीओवर (गळती आणि जादा करंट दोन्हीला उडणारं यंत्र) घ्या, म्हणजे विंच ट्रिप झाली तरी रात्री माणसं अंधारात पडणार नाहीत.

आता तो खाडीतला रॉड. यात बऱ्याच चांगल्या वायरमनचीही गफलत होते म्हणून जरा हिशेब मांडतो. समजा रॉडचा रेझिस्टन्स ५ ओहम आला, जो चांगला म्हणतात, आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा ५ ओहम. मोटरच्या आत फेज बॉडीला टेकली तर करंट रॉडमधून पाण्यात-जमिनीत जाऊन ट्रान्सफॉर्मरकडे परतणार, २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. वायरमन म्हणतो तशी आरसीसीबी काढली आणि तुमची एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच, १६ अँपिअरची असेल तर २३ अँपिअरला ती पडायला तासभरसुद्धा लागू शकतो. आणि त्या तासभरात मोटरची बॉडी, विंचचा ड्रम, वायर रोप, होडीचा लोखंडी हूक या सगळ्यावर शंभरसव्वाशे व्होल्ट उभे. अर्थिंग केलंय, रॉड खाडीत आहे, तरी माणूस गेला, असं यातूनच होतं. समुद्राला अर्थ देऊन सुटका होत नाही, कारण एमसीबी पाडायला करंट परत सोर्सपर्यंत जोरात पोचावा लागतो आणि माती-पाण्यातून तो तसा पोचत नाही.

म्हणून अर्थची तार केबलबरोबर अखंड मीटरच्या पेटीपर्यंत जायलाच हवी, इन्सुलेटेड, हिरवी-पिवळी. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळे अर्थ हे आपल्याकडे नियमातच आहे, आणि १२० मीटरवर त्याचा प्रत्यक्ष फायदा पण दिसतो. चार स्क्वेअर एमएमच्या एका तारेनं फॉल्ट करंट दीडशे-पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास येईल, १६ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी ८० ते १६० मध्ये तडक पडते, म्हणजे जेमतेम काठावर. दुसरी तार समांतर टाकली की करंट दोनशेच्या वर जातो आणि ती खात्रीने पडते. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा मीटरपाशी वीज कंपनीच्या केबलमधून अर्थ येतो. तो येत नसेल आणि तुमचा फक्त स्वतःचा अर्थ पिट (जमिनीत पुरलेला अर्थ) असेल तर वरचा २३ अँपिअरचा हिशेब परत लागू, आणि मग माणसाला वाचवणारी गोष्ट एकच उरते, तीच आरसीसीबी जी तुमचा वायरमन काढायला निघाला होता. लूप इम्पिडन्स टेस्टर, म्हणजे फॉल्ट करंटच्या परतीच्या वाटेचा अडथळा मोजणारं यंत्र, लावला की मिनिटात कळतं, तो मागवून घ्या. अर्थ पिट हवाच, आयएस ३०४३ प्रमाणे नीट करा, फक्त तो तारेला पर्याय नाही एवढं लक्षात ठेवा.

भाच्यानं जे वाचलंय ते अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं आर्टिकल ५५५, मरिना आणि धक्क्यांसाठीचं. ते चांगलं आहे, वाचावं, पण आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथली व्यवस्था १२०-२४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३०-४१५ आणि ५० हर्ट्झची, त्यांचा ५-६ मिलीअँपिअरवर उडणारा जीएफसीआय, म्हणजे त्यांची आरसीसीबी, आपल्या थ्री फेज मोटरला मिळणारही नाही. त्यांनीही आकडे बदलत नेलेत, २०११ ला धक्क्याच्या मेनला १०० मिलीअँपिअरची मर्यादा आणली, २०१७ ला ती ३० वर आणली, मग फार ट्रिपिंग व्हायला लागलं म्हणून २०२० ला फीडरसाठी, म्हणजे धक्क्याला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनसाठी, परत १०० आणि बोटींना वीज देणाऱ्या सॉकेटला ३०. यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे वाटणी. सगळ्या धक्क्याला मिळून एकच ३० ची लावली तर दहा ठिकाणची थोडी थोडी गळती बेरीज होऊन ती उडत राहते, प्रत्येक सर्किटला आपली आपली ३० ची आणि मागे मेनला १०० ची टाइम-डिले असलेली, असं केलं की जिथे दोष तेवढंच बंद पडतं. युरोपच्या बाजूचा आयईसी ६०३६४ चा भाग ७०९ पण हेच सांगतो, बोटीच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० ची. आपल्यावर कायद्याने बंधनकारक म्हणाल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम, काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं आणि टेस्ट रिपोर्ट द्यायचा. अपघात झाला की विद्युत निरीक्षक पहिल्यांदा हाच कागद मागतो.

त्याच कोडमध्ये अमेरिकेत पाण्यात पोहणारी माणसं करंटने बुडाल्याचा विषय बराच आहे, ते प्रामुख्याने गोड्या पाण्यातलं आहे. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर जास्त करंट नेतं, खाऱ्या पाण्यात उलट, पाणीच करंट नेतं आणि माणसातून कमी जातो. म्हणून मुंबईत समुद्राच्या पाण्यापेक्षा ओलं लोखंड पकडलेला माणूस जास्त धोक्यात असतो. पण जुलैत खाडीच्या तोंडाशी वरचं पाणी बरंच गोडं झालेलं असतं, तेव्हा पोरांना विंच चालू असताना धक्क्याखाली पोहू देऊ नका.

उंचीचं बघा. अमेरिकन कोड भरती असलेल्या ठिकाणी नेहमीच्या सर्वात मोठ्या भरतीच्या रेघेपासून ६०६ मिलिमीटर वर एक पातळी धरतो आणि विजेच्या जोडण्या तिच्या वर ठेवायला सांगतो. आपल्याकडे साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पालिका इशारा देते, २६ जुलै २००५ ला भरती ४.४८ मीटरची होती. पण हे आकडे चार्ट डेटमपासूनचे (सागरी नकाशाची शून्य पातळी) असतात, तुमच्या धक्क्याच्या लादीपासूनचे नाहीत, तेव्हा पेपरात वाचून पेटी ठोकू नका. धक्क्याच्या खांबावर कालवं आणि शेवाळ जिथे संपतं ती रेघ बघा, उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर आलं ते खडूने मारून ठेवा, आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाच्या वेळी पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल. त्या खुणेच्या वर दोन फूट आणि लाटेचा मार धरून आणखी थोडं, तिथे स्टार्टरची पेटी. मोटर खाली ठेवावीच लागत असेल तर तिचा प्लिंथ उचला.

आता मोटरचं स्वतःचं. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, साधारण साडेसात अँपिअर. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवर जो आकडा आहे त्यावरच ठेवा, होडी जड आहे म्हणून दहावर फिरवून ठेवलेले रिले मी खूप बघितलेत, त्यातल्या मोटरी जळतात. फेज गेल्यावर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच, पावसाळ्यात एक फेज जाणं नेहमीचं आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) विंचला लावू नका, त्यात सुरुवातीचा टॉर्क एक तृतीयांशवर येतो आणि इथे पहिल्या क्षणापासून पूर्ण वजन ओढायचं असतं, डीओएलच (सरळ पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) बरा, फॉरवर्ड-रिव्हर्स दोन कॉन्टॅक्टर आणि दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून त्यांच्यात मेकॅनिकल इंटरलॉक. केबल २.५ स्क्वेअर एमएमची असेल तर १२० मीटरवर चालताना १४ व्होल्ट पडतात, चारची घेतली तर नऊ. कागदावर दोन्ही ५ टक्क्यांच्या आत आहेत, पण सुरू होताना मोटर सहासात पट करंट ओढते, आणि व्होल्टेज १० टक्के पडलं की टॉर्क १९ टक्के पडतो, तेव्हा चारचीच टाका. व्हीएफडी लावायचा विचार असेल तर त्याच्या फिल्टरची स्वतःची गळती असते आणि थ्री फेज व्हीएफडीला टाइप बी ची (डीसी गळतीही ओळखणारी) आरसीसीबी लागते, ती महाग आहे, साध्या एसी टाइपवर विसंबू नका.

होडी अर्धवट असताना ट्रिप होते ही तुमची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लोक याच भीतीने आरसीसीबी काढतात. याला उत्तर ब्रेकचं आहे. मोटरला स्प्रिंगने लागणारा आणि वीज आली की सुटणारा ब्रेक हवा, म्हणजे वीज कुठल्याही कारणाने गेली तरी ड्रम जागच्या जागी धरला जातो. गिअरबॉक्स धरून ठेवेल या भरवशावर राहू नका, घिसलेला वर्म गिअर ओल्या उतारावर सरकतो. वीज तर तशीही जाणारच आहे, आरसीसीबी काढली तरी जाणार, म्हणजे ब्रेक नसेल तर तुमची विंच आजही धोक्याचीच आहे. आणि वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होता कामा नये, पुश बटणवाला स्टार्टर असेल तर ते आपोआप होतं, पण कोणीतरी बटणाच्या जागी साधा स्विच लावला असेल तर तो आजच काढा.

हातात धरायच्या पेंडंटमध्ये (केबलला लटकणारी बटणांची पेटी) ४१५ व्होल्ट येत असतील तर ते सगळ्यात आधी बदला. छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून कंट्रोल २४ व्होल्टवर आणा, खर्च फार नाही, आणि खलाश्याच्या ओल्या हातात फक्त २४ व्होल्ट राहतात. मोटरच्या शेजारी दिसेल असा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडायचा स्विच), कुलूप लागणारा, आणि लाल मशरूमचं इमर्जन्सी बटण, हेही तिथेच.

सामानाचं थोडक्यात. पत्र्याची पेटी दोन पावसाळ्यांत सडते, एफआरपी (फायबरचं प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेटची, धूळ-पाणी आत न जाणारी आयपी ६६ घ्या. स्क्रू-बोल्ट एसएस ३१६ चे, ३०४ खाऱ्या हवेत तांबडं पडतं. केबलच्या टोकाचे लग टिन केलेले. आर्मर्ड (आत लोखंडी कवच असलेली) केबल चांगली, पण जिथे आवरण कापून ग्लँड लावता तिथे आर्मर उघडं पडतं आणि गंजायला तिथूनच सुरुवात होते, म्हणून ग्लँडवर श्राउड (झाकणारी टोपी) आणि सीलिंग हवंच. जिथे केबल हलते तिथे आर्मर्ड नको, रबरची.

वेळेचं म्हणाल तर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे मेच्या शेवटी सगळ्या होड्या वर येणार आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास खाली जाणार, तुमच्या विंचवर सगळ्यात जास्त लोड नेमका पावसाच्या दोन्ही टोकांना. केबल, ब्रेक आणि २४ व्होल्टचं काम एप्रिलमध्ये उरकून घ्या, आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी मेगर आणि आरसीसीबी टेस्टर परत लावा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबाच, पण त्याने फक्त आतलं यंत्र चालतं की नाही एवढंच कळतं, अर्थ नीट आहे का ते कळत नाही. तीन तुकड्यांचे मेगरचे आकडे, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि लूप टेस्टरचं रीडिंग एवढं मला पाठवा, मग एमसीबी आणि केबल कुठली ते नक्की सांगतो, आणि तोपर्यंत विंच चालवताना ड्रम-रोपला हात लावणाऱ्याच्या पायात रबरी बूट असू द्या.